कोल्हापूरहून डॉमिनिकाला जाताना

तिकीट काढण्याआधी देशाचं नाव नीट वाचा. डॉमिनिका आणि डॉमिनिकन रिपब्लिक हे दोन वेगळे देश आहेत आणि चुकीच्या देशाचं तिकीट निघणं ही नेहमीची गफलत आहे. विमानतळाचा कोड डीओएम असेल तरच पैसे भरा. एसडीक्यू किंवा पीयूजे दिसलं, तर थांबा; ते डॉमिनिकन रिपब्लिकचे विमानतळ आहेत.

आपल्याला हवं ते डॉमिनिका कॅरिबियन समुद्रात, ग्वाडेलूप आणि मार्टिनिक या फ्रेंच बेटांच्या मध्ये आहे. क्षेत्रफळ साधारण ७५० चौरस किलोमीटर, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याचा जेमतेम दहावा हिस्सा. वस्ती सत्तर हजारांच्या आसपास, राजधानी रोझो, कारभार इंग्रजीत. पांढऱ्या वाळूचे किनारेच हवे असतील तर बार्बाडोसला जावं. इथली वाळू बहुतेक ठिकाणी काळी, ज्वालामुखीची. पण भर पावसात पन्हाळा ते पावनखिंड चालणाऱ्यांना, दाजीपूरच्या जंगलात रमणाऱ्यांना या बेटासारखं बेट नाही.

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही; परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता मात्र हाताशी ठेवा. खरी अडचण वाटेतल्या देशांची. मायामीमार्गे जायचं तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो आणि त्याच्या अपॉइंटमेंटला महिने जाऊ शकतात. लंडनमार्गे जाताना विमानतळाबाहेर पडला नाहीत तरी ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिका किंवा कॅनडाचा चालू व्हिसा असेल तर सवलत मिळू शकते. लंडनच्याच हीथ्रो विमानतळावर उतरून गॅटविक या दुसऱ्या विमानतळाहून पुढचं विमान असेल, तर बाहेर पडावंच लागणार, मग नियमही बदलतात. म्हणून आधी मार्ग ठरवा, मग व्हिसा, तिकीट सगळ्यात शेवटी. लंडन ते बार्बाडोस आणि तिथून छोट्या विमानानं डॉमिनिका हा मार्ग त्यातल्या त्यात सुटसुटीत, कारण बार्बाडोसलाही आपल्याला आधी व्हिसा लागत नाही. विमान चुकलं तर रात्र काढता येते. छोट्या विमानात सामानाची मर्यादा कमी असते, ती आधी पाहून घ्या. मुंबईच्या विमानासाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं जाणार असाल तर एक दिवस आधीच निघा.

फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ सर्वांत कोरडा. वादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर टाळाच. १८ सप्टेंबर २०१७ ला मारिया वादळानं अख्खं बेट झोडपलं होतं.

चलन ईस्टर्न कॅरिबियन डॉलर. एका अमेरिकन डॉलरला २.७० हा दर १९७६ पासून ठरलेला आहे. रुपये तिथे बदलून मिळणार नाहीत, अमेरिकन डॉलरच न्या, तेही सुट्ट्या नोटांत. टॅक्सीत बसण्याआधी भाडं ‘ईसी’त की ‘यूएस’मध्ये हे विचारा, नाहीतर जवळपास तिप्पट पैसे जातील. विमानतळ ईशान्येला, रोझो नैऋत्येला. घाटरस्त्यानं तासाहून जास्त वेळ लागतो. वडापसारख्या धावणाऱ्या मिनीबसच्या नंबरप्लेटवर सुरुवातीला ‘एच’ असतं. संध्याकाळनंतर आणि रविवारी त्या फार कमी मिळतात.

मिलिटरी प्रिंटची पँट, टोपी, सॅक घरीच ठेवा. सामान्य माणसानं असे कपडे घालणं तिथे कायद्यानं गुन्हा आहे, आणि ट्रेकवाल्यांच्या बॅगेत नेमकी हीच पँट असते.

आता बॉइलिंग लेक, म्हणजे उकळतं तळं. मॉर्न ट्रॉइस पिटॉन्स राष्ट्रीय उद्यान १९९७ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि त्यातली ही सर्वांत मोलाची वाट. लोदा गावाजवळच्या टिटू घळीपासून चाल सुरू होते. जाऊन-येऊन सहा-सात तास धरा. आधी दाट जंगल, मग ब्रेकफास्ट नदी (पाणी इथे भरून घ्या), मॉर्न निकोल्सची दमछाक करणारी चढण आणि त्यानंतर घसरडा उतार ‘व्हॅली ऑफ डेसोलेशन’मध्ये. तिथे जमिनीतून वाफ फुसफुसते, ओढे पांढरे, पिवळे, काळे वाहतात आणि गंधकाचा वास नाकात बसतो. वरून घट्ट दिसणारा थर पायाखाली फुटून उकळत्या चिखलात पाय जाऊ शकतो. त्यासाठीच वाटाड्या हवा आणि त्याच्या पावलावर पाऊल टाकून चालायचं. अंगावर हुपरीची चांदी असेल तर आदल्या दिवशीच काढून ठेवा. गंधकाच्या वायूनं ती काळी पडते. शेवटी दिसतं ते सुमारे साठ मीटर रुंदीचं, मधोमध खदखदणारं राखाडी तळं. काठ ढासळतो, खाली उतरू नका. पहाटेच निघा. पाऊस लागला आणि वाटाड्या नाही म्हणाला तर हट्ट धरू नका, ओढे झपाट्यानं चढतात आणि टिटू घळीत तर पळायला जागाच नसते. म्हणून मुक्कामात एक मोकळा दिवस राखून ठेवा.

शाकाहारी लोकांनी ‘आयटल’ जेवण विचारावं. हे रास्ताफारी पंथाचं, बहुधा पूर्ण शाकाहारी. कॅलालू सूप म्हणजे जवळपास आपलं अळूचं फतफतंच, पण त्यात खेकडा किंवा खारवलेलं मांस असू शकतं, विचारूनच घ्या. उकडलेली अळकुडी, नीरफणस, केळी सगळीकडे मिळतात. कांदा-लसूण चटणीचं सीलबंद पाकीट न्यायला हरकत नाही, मात्र कस्टमच्या फॉर्ममध्ये खाद्यपदार्थ नोंदवा. ताजी फळं, भाज्या नेऊ नका.

बोटीनं ग्वाडेलूप किंवा मार्टिनिकला जाऊन यावंसं वाटलं तर ते फ्रान्सचे प्रदेश आहेत. युरोपातल्या बहुतेक देशांना चालणाऱ्या साध्या शेंगेन व्हिसावर तिथे प्रवेश मिळेलच असं नाही. त्या प्रदेशांसाठीचा वेगळा व्हिसा भारतातूनच काढून न्यावा.