फेब्रुवारीतल्या लडाखची तयारी सोलापुरात कशी करावी

सोलापूरच्या ४२ अंशांच्या उन्हात कॅमेरा कसा सांभाळावा, हे इथल्या छायाचित्रकाराला कोणी शिकवावे लागत नाही. फेब्रुवारीतले लडाख मात्र त्याच्या अनुभवाबाहेरचे आहे. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. त्या महिन्यात तिथे रात्रीचा पारा उणे १० अंशांच्या खाली सहज उतरतो आणि हिमबिबट्याची छायाचित्रे घेण्यासाठी ज्या वरच्या गावांत मुक्काम करावा लागतो, तिथली थंडी त्याहून कडक असते. तरीही जायचे ते हिवाळ्यातच, कारण भरल नावाच्या रानमेंढ्या तेव्हा खालच्या दऱ्यांत उतरतात आणि त्यांच्या मागोमाग हिमबिबट्याही येतो. २०२४ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या देशव्यापी गणनेनुसार भारतातील ७१८ हिमबिबट्यांपैकी ४७७ लडाखमध्ये आहेत.

अशी थंडी सोलापुरात मिळत नसली, तरी तिच्यात करायच्या बहुतेक गोष्टींचा सराव घरी करता येतो, आणि माझ्या मते सामानाच्या खरेदीपेक्षा हा सरावच अधिक मोलाचा आहे. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेचा अक्षता सोहळा पार पडला की तयारीला लागावे, म्हणजे महिनाभर हाती राहतो.

सुरुवात कपड्यांपासून करावी. आपले शहर सुताचे आहे आणि सोलापुरी चादरीचा आपल्याला अभिमान आहे, पण या प्रवासात अंगालगत सुती कपडा घालू नये. सूत घाम शोषून ओले राहते आणि चढ चढून एका जागी तासभर बसले की तोच ओलावा शरीराची ऊब काढून घेतो. अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर पिसांचे जाकीट आणि सर्वांत वर वारा अडवणारा कोट, असे थर ठेवावेत. बूट एक माप मोठे घ्यावेत, कारण जाड मोज्यांनी घट्ट झालेल्या बुटात रक्ताभिसरण मंदावते आणि बोटे लवकर गारठतात.

हातमोज्यांच्या दोन जोड्या लागतात: आत पातळ, बाहेर जाड. ते घालून उजनीच्या जलाशयावर किंवा हिप्परगा तलावावर दोन-चार पहाटे घालवाव्यात. शटर, फोकस आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) यांची बटणे न पाहता सापडेपर्यंत हा सराव सोडू नये. उजनीवर हिवाळ्यात उतरणारे पट्टकादंब हंस उन्हाळ्यात लडाखच्या त्सो मोरीरीसारख्या सरोवरांकाठी घरटी करतात. आपण जिथे निघालो आहोत, तिथल्याच पाहुण्यांवर हात बसवावा, याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही.

बर्फाच्या प्रकाशमापनाचा सराव तर गच्चीवरच होतो. आपल्याकडचा पांढराशुभ्र टेरी टॉवेल उन्हात वाळत घालावा आणि संपूर्ण चौकट त्याने भरून ऑटोवर छायाचित्र घ्यावे. तो करडा दिसेल, कारण कॅमेऱ्याचा मीटर समोरचे सर्व काही मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. मग एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरने ठरवलेल्या प्रकाशात आपण केलेला बदल, एक ते दोन स्टॉप वाढवत जावे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) आणि टॉवेल पांढरा दिसूनही त्याचे धागे कुठे टिकतात, ते हिस्टोग्रामवर, म्हणजे छायाचित्रातील गडद-उजळ छटांच्या आलेखावर, पाहावे. बर्फालाही हेच लागू पडते.

बॅटऱ्या किमान चार असाव्यात. थंडीत लिथियम बॅटरीच्या आतील रासायनिक क्रिया मंदावते, त्यामुळे भरलेली बॅटरीही अचानक रिकामी दाखवते. ती अंगाजवळच्या खिशात ठेवून गरम केली की बरीचशी पुन्हा चालते. गोठलेली बॅटरी मात्र लगेच चार्जिंगला लावू नये, त्याने तिचे कायमचे नुकसान होते. विमानात सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या सामानातच न्याव्या लागतात.

कॅमेऱ्याला खरा धोका बाहेर नसून परत खोलीत शिरताना असतो, ही गोष्ट नवख्याला पटत नाही. म्हणून एक प्रयोग करून पाहावा. स्टीलच्या दोन वाट्या रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवाव्यात, त्यांपैकी एक हवा काढलेल्या झिप पिशवीत बंद करून. सकाळी दोन्ही बाहेर काढल्या की उघड्या वाटीवर क्षणात दव धरते, तर दुसरीच्या बाबतीत ते पिशवीच्या बाहेरून जमते. उघड्या कॅमेऱ्यात हेच दव लेन्सच्या आत आणि सर्किटवरही धरू शकते. म्हणून शेकोटीच्या खोलीत शिरण्यापूर्वी, बाहेरच्या थंडीतच, मेमरी कार्ड आणि बॅटरी काढून घ्यावी, कॅमेरा पिशवीत बंद करावा आणि खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, साधारण दोन तास, ती उघडू नये. छायाचित्रे पाहण्याच्या उत्सुकतेत हा नियम मोडला जातो, यासाठीच कार्ड आधी काढायचे.

प्रवासासाठी सोलापूरहून कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली आणि तिथून विमानाने लेह हा मार्ग सोयीचा पडतो. परराज्यातील प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, तेव्हा पोस्टपेडची व्यवस्था आधी करावी. विमान एका झेपेत ३,५०० मीटरवर नेऊन सोडते, म्हणून लेहमध्ये पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी, पाणी भरपूर प्यावे आणि निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेऊन ठेवावा, विशेषतः हृदयाचा किंवा श्वसनाचा त्रास असेल तर. वरच्या गावी डोकेदुखी, मळमळ वाढत गेली, तर समोरच्या कड्यावर हिमबिबट्या बसलेला असला तरी खाली उतरावे.

पिशवीत थोडी जागा कडक भाकरी आणि शेंगाचटणीसाठी राखावी. कड्यासमोर तासन्‌तास बसताना जेवायला उठता येत नाही, आणि ज्यात पाणीच नाही ते गोठतही नाही.