परिक्रमेहून आलो आणि पंप रुसला

ओंकारेश्वरहून उचललेली नर्मदा परिक्रमा संपवून एप्रिलात देवगडला परतलो. घर पाच महिने बंद. सकाळी पंप लावला तर नुसती घरघर. शेजारच्या वहिनी कुंपणावरून म्हणाल्या, "भावजी, विहिरीत वाकून तरी बघा!"

बघितलं. पाणी हातभर खाली गेलेलं आणि फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपच्या तळाची पाणी मागे न सोडणारी झडप, हवेत लोंबकळतोय. मेकॅनिक हंगामात मिळणं कठीण, सगळे आंब्यात. मेन स्विच बंद केला, पाइप वर ओढला. व्हॉल्व्हचं रबर सुकून कडक झालेलं, आत पालापाचोळा. रबर बदललं, खाली पाइपचा तुकडा जोडला. पंपाचं वरचं बूच काढून तांब्या-तांब्याने पाणी ओतलं; बुडबुडे थांबेपर्यंत ओतायचं, इथे घाई नको. बूच घट्ट केलं, स्विच लावला. आधी गढूळ, मग स्वच्छ धार.

पायांचं मात्र अवघड. पहाटे चारला जाग यायची, आणि घरात कुठे चालणार? आठ दिवस येरझाऱ्या घातल्यावर सौ. वैतागली. आता उजाडलं की कुणकेश्वरच्या पुळणीवर तासभर अनवाणी चालून येतो. येताना मासळी. जाग अजून चारलाच येते.