पिनबॉलच्या नव्या कोडची वाट बघताय? या चुका टाळा

नवं पिनबॉल मशीन (काचेखालच्या उतरत्या फळीवर पोलादी बॉल उडवत गुण मिळवायचा खेळ) घरी आलं की पहिल्या आठवड्यात खेळ कमी आणि चर्चा जास्त होते. पडद्यावर कोडची, म्हणजे मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, आवृत्ती ०.८ की ०.९ असं काहीतरी दिसतं. एखादा मोड, म्हणजे खेळातला ठरावीक टप्पा, दणक्यात सुरू होतो आणि मध्येच विझतो. ज्याच्यासाठी एवढी धडपड करायची, तो बाकीचे टप्पे पार केल्यावर मिळणारा शेवटचा विझार्ड मोड मशीनमध्ये अजून असतोच असं नाही. घोडबंदर रोडला फ्लॅट घेतलेल्यांना हे वेगळं समजावावं लागत नाही: ताबा मिळाला, क्लबहाऊस ‘पुढच्या फेजमध्ये’.

ठाणे-नवी मुंबईत घरगुती पिनबॉल मशीनं मोजकीच आहेत. त्यातल्या काहींची देखभाल माझ्याकडे असते. फोनवरची तक्रार बहुतेक वेळा एकच असते, “कोडमध्ये बग आहे.” काच काढून बघावं तर बॉल लागल्याची नोंद घेणाऱ्या एखाद्या स्विचचं पातं वाकलेलं असतं. उलट जिथे खरोखर कोडचीच वाट बघायला हवी, तिथे मालक पाना घेऊन फ्लिपर (बॉल परतवणारे खालचे दांडे) खोलून बसलेले असतात. नव्या कोडची वाट बघण्यात काही गैर नाही. फक्त कोडचं काय आणि यंत्राचं काय, हे वेगळं करता आलं पाहिजे.

आवृत्तीचा आकडा म्हणजे टक्केवारी नव्हे

०.९५ म्हणजे पंचाण्णव टक्के काम झालं, असं अनेकजण धरून चालतात. तो नुसता क्रमांक असतो. ०.९५ वर महिनोन्महिने अडकलेली मशीनं असतात, आणि १.० आल्यावरही वर्षभराने नवे मोड आलेली मशीनं असतात.

मुळात अपुरा कोड घालून मशीन पाठवतात कसे? कारखान्याची लाईन सुरू होण्याआधी प्लेफील्डचं (बॉल फिरतो त्या फळीचं) लाकूड, रॅम्प, वायरिंग, कॉइल (बॉल ढकलणारी विद्युतचुंबकं) हे सगळं पक्कं व्हावं लागतं, कारण नंतर ते बदलता येत नाही. कोड मात्र नंतरही पाठवता येतो, म्हणून उशीर झाला की तो कोडच्या वाट्याला येतो. नव्वदच्या दशकात ही सोय फारशी नव्हती. प्रोग्रॅम ईप्रॉम चिपमध्ये असायचा आणि सुधारणा करायची तर चिपच बदलावी लागायची. विल्यम्स या कंपनीचं १९९७ चं ‘मिडीव्हल मॅडनेस’ त्या काळातलं. त्याचे नियम लिहिणाऱ्या लायमन शीट्स यांनीच पुढे स्टर्न कंपनीच्या ‘बॅटमॅन ६६’ चा कोड लिहिला. ते मशीन २०१६ च्या अखेरीस आलं तेव्हा नियमांचा सांगाडाच होता आणि पुढची काही वर्षं त्यात भर पडत गेली. शीट्स २०२२ च्या जानेवारीत गेले. त्यांच्या मशीनवर आजही लोक तासन्‌तास खेळतात, त्यामुळे सुरुवातीला अपुरा कोड आला एवढ्यावरून मशीनला नावं ठेवण्याची घाई करू नये.

आणखी एक कारण लायसन्सचं. सिनेमा, मालिका किंवा बँडच्या नावावर मशीन असेल तर दृश्यं, आवाज, चित्रं हक्कधारकांना दाखवून मंजूर करून घ्यावी लागतात. प्रोग्रॅमरचं काम झालेलं असलं तरी क्लिप अडकलेली असू शकते. म्हणून ‘पुढच्या महिन्यात नक्की’ अशा कुठल्याही तारखेवर मित्रांना जेवायला बोलावू नका.

एक मात्र लक्षात ठेवा. स्वस्तातल्या प्रो मॉडेलमध्ये जी यंत्रणा बसवलेलीच नाही, ती कोणताही कोड आणणार नाही. ‘अपडेटमध्ये येईल’ या आशेवर स्वस्त मॉडेल घेऊन नंतर हळहळणारे बरेच आहेत.

खोकं उघडल्या उघडल्या अपडेट

अमेरिकेहून निघालेलं मशीन जहाजाने न्हावा शेवाला येऊन, कस्टममधून सुटून कोपरखैरण्याच्या लिफ्टपर्यंत पोहोचेतो त्यातला कोड जुना झालेला असतो. त्यामुळे आधी पेनड्राइव्ह लावायचा मोह होतो. तो आवरा. प्रवासात सव्वाशे किलोच्या आसपासचं हे धूड आपटलेलं असतं, कनेक्टर सैल झालेले असतात. आलेल्या कोडवरच सर्व्हिस मेनूतली स्विच टेस्ट, कॉइल टेस्ट, दिव्यांची टेस्ट पूर्ण करा. दोन-चार दिवस खेळा. नाहीतर अपडेटनंतर एखादा रॅम्प मोजेनासा झाला, तर तो आधीपासूनच बिघडलेला होता की नव्या कोडने बिघडवला, हे कधीच कळत नाही.

यंत्राचं दुखणं कोडच्या माथी

अपडेटनंतरचा सगळ्यात ठरलेला फोन असा असतो:

“अरे, अपडेट टाकला आणि दोन्ही फ्लिपर मेले! दिवे लागतात, आवाज येतो, बॉलच बाहेर येत नाही.”

“काका, कॉइन डोअर उघडं आहे का?”

“हो, पेनड्राइव्ह काढायचा होता ना...”

“ते लावा आधी.”

कॉइन डोअरच्या, म्हणजे नाणी टाकायच्या पुढच्या दाराच्या, चौकटीत एक सुरक्षा स्विच असतो. दार उघडलं की कॉइलचा जास्त व्होल्टेजचा पुरवठा तुटतो आणि पडदा, दिवे, मेनू चालू राहतात. हात आत असताना कॉइल उडू नये म्हणून ही सोय आहे. पुष्कळ मशीनमध्ये तो स्विच ओढून बाहेर घेतला की दार उघडं असूनही कॉइल चालतात, पण ते ज्याला आत कुठे हात घालायचा नाही हे माहीत आहे त्याने करावं.

दुसरा प्रकार: स्टार्ट दाबलं तरी काहीच होत नाही. काही अपडेटमध्ये, आणि फॅक्टरी रीसेट केल्यावर तर हमखास, सेटिंग्ज मूळ जागी जातात. मग फ्री प्ले बंद होतो आणि मशीन इमानेइतबारे नाण्याची वाट बघत बसतं. आवाजही मूळ पातळीवर जातो. रात्री साडेअकराला अपडेट करणार असाल तर शेजाऱ्यांचा विचार करा.

आता जरा खोलातलं. ‘हा मोड सुरूच होत नाही, कोड अपुरा आहे’ ही तक्रार आली की मी आधी स्विच टेस्ट लावतो. बरीच मशीनं हुशार असतात. एखादा स्विच कितीतरी खेळांत एकदाही लागला नाही तर तो बिघडलाय असं धरून ती त्याच्याविना खेळ चालू ठेवतात. खेळणाऱ्याला वाटतं, नियमच तसा आहे. अशा स्विचची यादी मेनूत तंत्रज्ञांसाठीच्या सूचनांमध्ये निमूटपणे पडून असते. जुन्या विल्यम्स मशीनमध्ये क्रेडिटच्या आकड्यापुढे एक टिंब दिसतं, त्याचा अर्थही हाच: अहवाल वाच. ते टिंब वर्षानुवर्षं बघून ‘छपाईची चूक असेल’ म्हणणारे मालक मला माहीत आहेत.

मल्टिबॉल (एकाच वेळी अनेक बॉलचा खेळ) तीनचा असायला हवा आणि दोनच बॉल येतात? खालच्या ट्रफमधले (बॉल साठतात त्या खोबणीतले) ऑप्टो, म्हणजे प्रकाशावर चालणारे, सेन्सर पुसा आणि बॉल मोजा. एखादा बॉल रॅम्पखाली अडकून बसलेला असतो. चुंबकत्व आलेले बॉल ट्रफमध्ये एकमेकांना चिकटूनही हाच घोळ करतात. तेव्हा बॉल बदला. साधारण २७ मिलिमीटर व्यासाचा आणि ऐंशी ग्रॅम वजनाचा हा पोलादी बॉल मशीनच्या मानाने फुकटात पडतो.

जुन्या मशीनमध्ये दोन्ही फ्लिपर एकदम दाबले की खेळ बंद पडून मशीन नव्याने सुरू होतं. याला सगळे ‘सॉफ्टवेअर क्रॅश’ म्हणतात. विल्यम्सच्या नव्वदच्या दशकातल्या मशीनमध्ये हे पाच व्होल्टच्या पुरवठ्याचं दुखणं असतं. फ्लिपर ओढ घेतात, व्होल्टेज क्षणभर खाली जातं आणि प्रोसेसर रीसेट होतो. ब्रिज रेक्टिफायर, कपॅसिटर, कनेक्टर या क्रमाने तपासा. अमेरिकन मशीन १२० व्होल्टचं, आपल्याकडे २३०. ट्रान्सफॉर्मरवरची जोडणी बदलायच्या ऐवजी कमी ताकदीचा स्टेपडाउन लावलेला असेल तर फ्लिपर मलूल पडतात आणि रीसेटही होतात. जोडणी बदलताना फ्यूजही मॅन्युअलमध्ये २३० व्होल्टसाठी दिलाय तोच बसवायचा.

शेवटी उतार. प्लेफील्ड साधारण साडेसहा अंशांवर हवं आणि डावी-उजवीकडे तंतोतंत सपाट. आपल्याकडे बंद करून घेतलेल्या बाल्कनीत मशीन ठेवायची फार हौस. त्या फरशीला पाणी जाण्यासाठी मुद्दाम ढाळ दिलेला असतो. मग स्कूपमधून (बॉल पकडणाऱ्या खड्ड्यातून) बाहेर फेकलेला बॉल दर वेळी थेट आउटलेनमध्ये (बॉल गमावायच्या कडेच्या वाटेत) जातो आणि ‘डेव्हलपरने हे टेस्टच केलं नाही’ अशी बोंब होते. लेव्हल ट्यूब ठेवा, पायांचे स्क्रू फिरवा. तरीही जमलं नाही तर त्या कॉइलची ताकद मेनूतून कमी-जास्त करून बघा. नव्या बऱ्याच मशीनमध्ये ती सोय असते.

मग उरतं काय? गुणांचा तोल, न लागणारी क्लिप, दोन मोड एकत्र आल्यावर अडकणारा दिवा, अर्धवट विझार्ड मोड. हे खरोखर कोडचं. त्याला पाना लावून उपयोग नाही.

पेनड्राइव्हच्या गमती

नवे पेनड्राइव्ह ६४ जीबीचे आणि एक्सफॅट फॉरमॅटचे मिळतात. बऱ्याच मशीनला फॅट३२ लागतो, आणि विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत ३२ जीबीपेक्षा मोठ्या ड्राइव्हला तो पर्याय दिसतच नाही. घरातला जुना ८ किंवा १६ जीबीचा ड्राइव्ह याच कामासाठी राखून ठेवा. फाईल फोल्डरमध्ये न ठेवता मोकळी ठेवा, नाव बदलू नका, तुकड्यांत आली असेल तर सगळे तुकडे घ्या. स्टर्नच्या मशीनमध्ये प्रोची फाईल वेगळी आणि महागड्या प्रीमियम-एलई (लिमिटेड एडिशन) मॉडेलची वेगळी असते, हेही बघा. जर्सी जॅक कंपनीच्या मशीनमध्ये फक्त बदलांचा छोटा अपडेट आणि पूर्ण इन्स्टॉल असे दोन प्रकार आहेत. पूर्ण इन्स्टॉलमध्ये सगळं पुसलं जातं, तेव्हा सेटिंग्जच्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून मगच हात घाला.

अपडेट संपला असं वाटलं तरी मशीन नव्याने सुरू होताना प्लेफील्डखालच्या छोट्या बोर्डांचं फर्मवेअर बदलत असतं. पडदा थिजल्यासारखा दिसतो. इथे घाबरून मशीनची वीज बंद केली की खरी भानगड होते. पावसाळ्याआधी देखभालीसाठी महावितरण वीज बंद ठेवतं त्या दिवशी हा उद्योग करूच नका. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन चालत असेल तर उत्तम.

वाय-फायने आपोआप अपडेट होण्याची सोय २०२१ पासून स्टर्नच्या मशीनमध्ये आली. ती सोयीची आहे, पण सोसायटीत स्पर्धा ठेवली असेल तर आदल्या आठवड्यापासून बंद ठेवा. नव्या कोडमध्ये एखाद्या मोडचे गुण दुप्पट झाले तर शुक्रवारी खेळलेला आणि रविवारी खेळलेला एकाच फळ्यावर कसे मांडणार? जुने उच्चांक आवृत्तीच्या क्रमांकासकट लिहून ठेवा. भांडणं वाचतात.

वाट बघताना हात शिवशिवणं

कोड यायला वेळ आहे, तेवढ्यात ‘सर्व्हिसिंग’ करू म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलावलं जातं आणि तो डब्ल्यूडी-४० चा फवारा मारतो. मशीनच्या आत हा फवारा नको. तो पेट घेऊ शकतो, कॉइलच्या नळीत धूळ धरतो आणि फ्लिपर चिकट होतात. सोन्याचा मुलामा असलेल्या बारीक स्विचवर सॅंडपेपर घासला तर तो मुलामाच जातो. कोरा जाड कागद पात्यांमध्ये धरून ओढला की पुरे.

आपल्या पावसाळ्यात बॉलवर दोन आठवड्यांत गंज दिसू शकतो, आणि गंजका बॉल प्लेफील्डवर कानशीसारखा फिरतो. खोलीत डीह्युमिडिफायर किंवा एसी हवा. जुन्या विल्यम्स मशीनमधले पेन्सिल सेल मात्र आजच बघा. ते पाझरले तर सीपीयू बोर्डच खातात.

‘बग आहे’ एवढंच कळवणं

तपासून झालं, स्विच ठीक, लेव्हल ठीक, तरी चूक दिसतेच आहे, तर ती कंपनीला कळवा. पण ‘मल्टिबॉल चालत नाही’ या वाक्याने प्रोग्रॅमरच्या हाती काही लागत नाही. मॉडेल, आवृत्ती, किती खेळाडू होते, कितवा बॉल, त्या क्षणी कोणते मोड चालू होते, किती बॉल खेळात होते, शेवटचा शॉट कोणता लागला, एवढं लिहा. पुन्हा तसंच करून दाखवता आलं तर मोबाईलवर पडदा आणि प्लेफील्ड दोन्ही दिसतील असा व्हिडिओ जोडा. आधी ताज्या अपडेटसोबतची रीडमी फाईल वाचा. तुमचीच चूक त्यात दुरुस्त म्हणून नोंदलेली असू शकते, आणि तुमच्या मशीनवर अजून मागची आवृत्ती असते.