कॅट बदलायचाय? आधी तो कशानं मेला ते बघा

माझ्या ट्रकचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या आधी धूर साफ करणारा डबा, थोडक्यात कॅट, मी दोनदा बदललाय. पहिल्यांदा 2021 च्या मे महिन्यात, दुसऱ्यांदा 2022 च्या ऑक्टोबरात. बसवण्यात दोन्ही वेळा चूक नव्हती. पहिल्या वेळी अक्कल कमी पडली, एवढंच.

ट्रक म्हणजे इथला पिकअप: टोयोटा टॅकोमा, 2003 सालचा, 2.7 लिटर चार सिलिंडर. राहायला ओहायोत, अक्रनजवळ. क्लीव्हलँड-अक्रन भागातल्या सात काउंट्यांत दर दोन वर्षांनी ई-चेक, म्हणजे गाडीच्या धुराची सरकारी तपासणी, होते, आणि डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा पेटलेला असेल तर गाडी नापास. माझा दिवा पेटला, कोड आला पी0420, म्हणजे कॅट नीट काम करत नाही. दुकानात विचारलं, सगळं धरून 1,900 डॉलर सांगितले. ट्रकचीच किंमत फार तर दुप्पट असेल. मग म्हटलं घरीच करू. कराडजवळ हायवेला आमच्या अण्णांचं, म्हणजे धाकट्या काकांचं, गॅरेज आहे. शाळेच्या सुट्ट्या तिथं पाने पुसण्यात गेल्या, त्याचा उपयोग कधीतरी व्हायलाच हवा होता.

कॅटच्या डब्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखा चिनी मातीचा ठोकळा असतो आणि त्याच्या भोकांना आतून प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ लेप असतो. तो तापला की कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांचं पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन करतो. यात झिजण्यासारखा हलता भाग एकही नाही. म्हणून लाखभर मैलांच्या आत कॅट मेला तर तो बहुतेक वेळा कुणीतरी मारलेला असतो. इंजिन मिसफायर करत असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरात पेट्रोल नीट पेटत नसेल, तर न जळलेलं पेट्रोल आत येऊन पेटतं आणि ठोकळा वितळतो. इंजिन ऑइल खात असेल तर ऑइलमधलं फॉस्फरस आणि जस्त लेपावर बसतं. हेड गॅस्केटमधून कूलंट येत असेल तर तेही लेप झाकून टाकतं.

माझ्या गाडीत तिसरा सिलिंडर थंडीत, सकाळी सुरू करताना, थोडा अडखळायचा. मिनिटाभरात नीट व्हायचा, म्हणून मी लक्ष दिलं नाही. नवा कॅट बसवला, दिवा गेला, ई-चेक पास. सतरा महिन्यांनी दिवा परत. प्लग काढला तर त्याची पोर्सेलीन तडकलेली. आठ डॉलरच्या प्लगनं 340 डॉलरचा कॅट खाल्ला. जुना कॅट उन्हात धरून आत बघितलं, तर पोळ्याची अर्धी भोकं वितळून काचेसारखी चकचकीत झाली होती.

तेव्हा पाना हातात घ्यायच्या आधी एक संध्याकाळ तपासणीला द्या. पंचवीस डॉलरचा ब्लूटूथ स्कॅनर आणि फोन पुरे. गाडी चांगली तापवा, 2,500 आरपीएम धरा आणि कॅटच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा व्होल्टेज बघा. कॅट धड असेल तर आकडा 0.6-0.7 च्या आसपास जवळजवळ सरळ चालतो. 0.1 ते 0.9 अशा सारख्या उड्या मारत असेल तर कॅट काम करत नाही. पुढच्या सेन्सरशी तुलना करायच्या भानगडीत पडू नका. काही गाड्यांत तो एअर-फ्युएल जातीचा असतो, त्याचे आकडेच वेगळे. पी030 ने सुरू होणारा एखादा कोड सोबत असेल, तर आधी तो मिसफायर निस्तरा.

आणखी एक. कॅटच्या पुढे कुठं पाइप फुटला असेल किंवा गॅस्केट गेलं असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर फसतो. कॅट चांगला असूनही पी0420 येतो. गाडी थंडगार असताना सुरू करा, सांध्यांवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे बघा. मग इंजिन बंद करून, थंड कॅटवर रबरी हातोडीनं हलकेच ठोका. खुळखुळा वाजला तर आतला ठोकळा फुटलाय, पुढं तपासायची गरज नाही. गाडी चढाला दमत असेल तर कॅट तुंबलेला असू शकतो: इनटेकला व्हॅक्यूम गेज लावून 2,500 आरपीएम धरायचं, काटा हळूहळू उतरत गेला तर वाट बंद आहे.

आता सामान घेताना. अमेरिकेत कंपनीच्या मूळ कॅटला 8 वर्षं किंवा 80,000 मैल वॉरंटी असते. गाडी त्यात बसत असेल तर हे सगळं वाचणं सोडा आणि डीलरकडं जा. बाकीच्यांनी आपल्या गाडीचं साल, इंजिन आणि राज्य बघून घ्यायचं. कॅलिफोर्नियात, तसंच न्यूयॉर्क, मेन, कोलोरॅडोत कार्बची, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाची, मान्यता असलेला कॅट लागतो, तो महाग. ओहायोत फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या नियमांतला, चालतो. गाडीचं एमिशनचं लेबल बॉनेटच्या आत असतं, तेही वाचा. भंगारातला वापरलेला कॅट स्वस्त मिळतो म्हणून आणू नका, आणि कॅट काढून नुसता सरळ पाइप टाकू नका. पाइप टाकायला फेडरल कायद्यानं बंदी आहे, वर शेजाऱ्यांच्या पोरांना तुमचा धूर.

वेल्डिंगचा नाही, बोल्टवर बसणारा कॅट घ्या. सोबत नवी गॅस्केटं, नवे नट-बोल्ट, नवे स्प्रिंग असतील तर तेही. जुनी गॅस्केटं परत लावण्यात चार डॉलर वाचतात आणि एक शनिवार जातो.

खरं काम म्हणजे बोल्ट सोडवणं. बाकी सगळं त्याच्या पुढं किरकोळ. इथं थंडीभर रस्त्यावर मीठ टाकतात, वीस वर्षांत नटाचा नट राहत नाही, गंजाचा खडा होतो. मी आदल्या दिवशी सकाळी एकदा आणि रात्री एकदा गंज सोडवायचं तेल मारलं. तरी पहिला नट हलेना. खाली पडल्या पडल्या अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडं रात्रीचे आठ वाजले होते, पाठीमागं कुणाच्या तरी ट्रॅक्टरचं काम चाललेलं.

"अण्णा, फिरतच नाही ओ."

"सोडायला बघतोयस व्हय? आरं, आधी आवळ थोडा. कट् आवाज आला की मग सोड."

आवळला. कट् झालं. मग अर्धा आटा सोडायचा, पाव आटा परत आवळायचा, तेल मारायचं, परत अर्धा सोडायचा. चारातले तीन असे निघाले. चौथा गोल झाला. त्याला अँगल ग्राइंडरनं उभा चिरला आणि छिन्नीनं फोडला. पुढच्या वेळी एवढी वाटसुद्धा बघणार नाही. बोल्ट नवे आणलेच आहेत तर हट्टी बोल्ट सरळ कापावा. टॉर्चनं तापवायचं असेल तर तेल पूर्ण पुसून, आणि पेट्रोलची नळी जवळून जात नाही ना हे डोक्यात ठेवून. सॉकेट सहा कोनीच घ्या, बारा कोनी गंजलेल्या नटाला सालपटून काढतं.

त्याआधीचं, जे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: गाडी निदान तीन तास थंड होऊ द्या. सपाट काँक्रीटवर घ्या, मागच्या चाकांना पुढून-मागून ओंडके लावा, जॅकनं उचला आणि घोड्यांवर, म्हणजे इथल्या जॅक स्टँडवर, बसवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणी जायचं नाही, मिनिटभरही नाही. गाडी घोड्यांवर आली की हातानं जोरात हलवून बघा; पडायची असेल तर तेव्हाच पडू दे. डोळ्यांना बंद बाजूंचा चष्मा लावा, कारण गंज डोळ्यातच पडतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

सेन्सर सोडवताना आधी वायरचा जोड सोडा, वायर पिळू देऊ नका. बऱ्याच गाड्यांत सेन्सर आट्यांवर बसतो आणि 22 चा खाचेचा सॉकेट लागतो. माझ्या टॅकोमात तो दोन नटांवर बसतो, 12 चे नट. यातला एक स्टडसकट, म्हणजे ज्या बिनडोक्याच्या बोल्टवर तो बसतो त्याच्यासकट, निघाला, म्हणून नवा स्टड आणायला दुकानात पळालो. तुम्ही दोन आधीच आणून ठेवा. मग कॅटचा मागचा फ्लँज, म्हणजे बोल्ट लावायची चकती, मग पुढचा. शेवटचा नट काढायच्या आधी कॅटखाली लाकडी ठोकळा किंवा दुसरा जॅक द्या. तो दिसतो त्यापेक्षा जड असतो आणि तोंड बरोबर त्याच्याखाली असतं.

फ्लँजचे तोंड तारेच्या ब्रशनं चकचकीत करा, जुन्या गॅस्केटचा कपटासुद्धा राहता कामा नये. नव्या कॅटवर बाण असतो, तो सायलेन्सरकडं. गॅस्केटं घालून सगळे बोल्ट नुसते हातानं लावा. सेन्सर, हँगरचं रबर, हीट शील्ड सगळं जागेवर येतंय ना बघा. मग पुढून मागं आवळत या. पहिल्या वेळी मी पुढचा सांधा पूर्ण आवळून टाकला आणि मागं अर्धा इंच फरक पडला, परत सगळं सोडलं. शेवटचा ताण मॅन्युअलमधल्या आकड्यानं, टॉर्क पान्यानं द्या. बोल्टना अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारी पेस्ट, लावा, पण सेन्सरच्या टोकाला ते लागू देऊ नका, सेन्सर मरतो.

गाडी उतरवा, अंगणात बाहेर काढा आणि मग सुरू करा. गॅरेजचं दार उघडं आहे म्हणून आत चालू करू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पहिली काही मिनिटं नव्या कॅटमधून पांढरट धूर आणि जळका वास येतो. डब्यात ठोकळ्याभोवती मॅट असते, तिचा चिकटवा जळतो तो. बायको धावत बाहेर आली होती. पाच मिनिटं तशीच चालू द्या, मग दोन मिनिटं 2,500 आरपीएमवर धरा आणि बंद करून थंड होऊ द्या. सांध्यांवर परत साबणाचं पाणी. शंभर मैलांनी, थंड गाडीवर, बोल्ट पुन्हा तपासा. माझा एक पाव आटा ढिला झाला होता.

कोड पुसला की लगेच ई-चेकला पळू नका. पुसल्याबरोबर गाडीचे स्वतःच्या तपासणीचे मॉनिटर कोरे होतात, आणि 2001 पासूनच्या गाडीला एकच मॉनिटर अपुरा असलेला चालतो. कॅटचा मॉनिटर सगळ्यात आळशी. रात्रभर थंड झालेली गाडी सुरू करून वीसेक मिनिटं हायवेवर एकाच वेगानं जायचं, मग ब्रेक न दाबता वेग उतरू द्यायचा. मी रोज ऑफिसला जाता-येता हेच केलं. चौथ्या दिवशी स्कॅनरवर तो पूर्ण झाला, शनिवारी पास झालो.

जुना कॅट मी भंगारवाल्याकडं नेला. त्यानं लायसन्स बघितलं, गाडीचे कागद बघितले, कारण या भागातल्या टॅकोमांचे कॅट रात्रीत कापून नेतात. बाजारातल्या कॅटमध्ये मूळ कंपनीच्या मानानं धातू कमी असतो, म्हणून 38 डॉलरच मिळाले. तिथनंच दुकानात गेलो आणि त्या पैशांत चारही प्लग नवे आणले.