खाडीकाठचे मेलेले खाजण पुन्हा जिवंत करताना या चुका टाळा

ठाणे खाडीच्या काठावर किंवा उरणच्या बाजूला भराव, बांध आणि सांडपाणी यांनी मरणपंथाला लागलेले खाजण, म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्याने भिजणारी दलदल, पाहिले, की बहुतेकांच्या मनात पहिला विचार रोपे लावण्याचा येतो. बहुतेक बिघाड तिथूनच सुरू होतात. शहरालगतची बरीच खाजणे भरती-ओहोटीची वाट अडल्यामुळे मेलेली असतात, आणि ती वाट मोकळी न करता लावलेली रोपे दुसरा उन्हाळा क्वचितच पाहतात.

पाण्याआधी रोपे लावणे

पाण्याचे दुखणे दोन प्रकारचे असते आणि दोन्हींचे उपाय परस्परविरुद्ध असल्यामुळे निदान चुकले तर काम उलटेच होते. जमीन भेगाळलेली असेल, तिच्यावर मिठाची पांढरी पापडी धरली असेल आणि कडेने वेडी बाभूळ सरकत आत येत असेल, तर भरतीचे पाणी तिथवर पोहोचत नाही. याउलट तिवरांची (खाडीकाठच्या खारफुटीच्या झाडांची) करडी, वाळकी खोडे उभी असतील आणि त्यांची चिखलातून वर आलेली श्वसनमुळे साचलेल्या पाण्यात सतत बुडालेली असतील, तर पाणी आत येते पण ओहोटीला बाहेर पडत नाही. तिवर खाऱ्या पाण्यात वाढते, तरी त्याच्या मुळांना दर ओहोटीला हवा मिळावी लागते.

म्हणून पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाणाच्या भरतीला आणि मग त्याच दिवशीच्या ओहोटीला, असे दोनदा जागेवर उभे राहावे. चुना लावलेले बांबू ठिकठिकाणी रोवून ठेवले तर पाणी कुठवर चढले हे चिखलाची रेघ स्वच्छ दाखवते. हेच भांगाच्या, म्हणजे सर्वांत लहान भरतीच्या दिवसांतही करावे, कारण उधाणाला भिजणारी जमीन भांगाला कोरडीच राहू शकते. पुष्कळदा दोष रस्त्याखालच्या मोरीत सापडतो. नळ बसवताना त्याचा तळ खाडीच्या फाट्याच्या तळापेक्षा हातभर उंच राहिलेला असतो, त्यामुळे उधाणाचे पाणी आत शिरते आणि तिथेच कोंडते. नेरूळजवळ फ्लेमिंगो उतरतात त्या तळ्यात भरतीचे पाणी आणणारे मार्ग बुजल्याने २०२४ मध्ये तळे कोरडे पडले. ते मार्ग मोकळे करणे हाच त्यावरचा उपाय होता. मोरीचा तळ खाली घेणे किंवा बांधाला योग्य जागी तोंड पाडणे हे काम हजार रोपांपेक्षा मोलाचे ठरते.

फाटा मोकळा करताना पोकलेनने सरळ, खोल, उभ्या भिंतींचा चर खणू नये. अशा चरातून पाणी वेगाने धावते, काठ ढासळतात आणि आतला गाळ खाडीत वाहून जातो. जुन्या उपग्रहचित्रांत फाट्याचे मूळ वळण बहुधा दिसते. त्याच वळणाने, उथळ उताराने खोदावे.

जमिनीची उंची अंदाजाने ठरवणे

भरावाचे डेब्रिज (बांधकामाचा राडारोडा) काढताना कधी ते अर्धवट काढले जाते आणि कधी हुरूप येऊन मूळ चिखलही खरवडला जातो. दोन्ही चुका घातक आहेत, कारण खाजणात वीतभर उंचीच्या फरकाने वनस्पती बदलते. तिवर खालच्या, रोजच्या भरतीच्या पट्ट्यात उभे राहते, तर सुएडा आणि सेसुव्हियम यांसारख्या मांसल पानांच्या क्षारवनस्पती वरच्या, मुख्यतः उधाणालाच भिजणाऱ्या जमिनीवर पसरतात. जवळच एखादा धडधाकट तुकडा बहुधा शिल्लक असतो. त्याची उंची हे आपले माप मानावे. त्यासाठी गवंडी वापरतात ती पाण्याची लेव्हल-नळीसुद्धा लहान जागेला पुरते: नळीचे एक टोक धडधाकट तुकड्यातल्या तिवरांपाशी, दुसरे आपल्या जागी धरावे आणि दोन्हीकडचे पाणी स्थिर झाले की मोजपट्टीने फरक लिहून ठेवावा.

भरावाच्या कडेला किंवा वर्षानुवर्षे कोरड्या राहिलेल्या बंदिस्त जागी खणताना मातीत पिवळे-तांबूस डाग दिसले तर थांबावे. खाडीच्या चिखलात लोह आणि गंधकाची संयुगे असतात. ती हवेत उघडी पडली की आम्ल तयार होते, आणि एकदम पाणी सोडल्यास ते आम्ल फाट्यातल्या माशांपर्यंत जाते. अशा मातीचा सामू (आम्लता दाखवणारा pH) आधी तपासून घ्यावा आणि पाणी टप्प्याटप्प्याने आत घ्यावे.

उघडी चिखलपट्टी रिकामी समजणे

ही चूक सर्वांत सद्हेतूने होते आणि म्हणूनच मला तिची अधिक काळजी वाटते. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर कांदळ या खारफुटीच्या झाडाच्या शेंगा ओळीने रोवलेल्या पाहताना छान वाटते. पण तो चिखल फ्लेमिंगो आणि हिवाळी पाणपक्ष्यांचे ताट असतो. ठाणे खाडीतील सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्राला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि पुढे २०२२ मध्ये खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला, त्यामागे या चिखलाचा वाटा मोठा आहे. परकी जात आणणे तर टाळावेच. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को उपसागरात १९७० च्या दशकात अटलांटिक किनाऱ्यावरचे स्पार्टिना गवत मुद्दाम आणून लावले गेले. त्याचा तिथल्या स्थानिक स्पार्टिनाशी संकर झाला, तो संकर उघड्या चिखलावर पसरत गेला आणि पुढे तो उपटण्याची मोहीम हाती घ्यावी लागली.

आपल्याकडे तिवराची फळे पावसाळ्यात गळून भरतीबरोबर तरंगत फिरतात, आणि याच काळात पावसाने जमिनीतला क्षार धुऊन निघाल्याने क्षारवनस्पतींचे बीही रुजते. तेव्हा मोरी आणि फाट्याचे काम मेअखेरपर्यंत उरकलेले असावे. त्यानंतर बी स्वतःहून आले नाही, तरच आसपासच्या खाजणातल्या स्थानिक जातींची रोपे लावावीत.

प्लास्टिक काढायला मोठा जमाव आत नेऊ नये. पायांखाली श्वसनमुळे मोडतात. भरतीरेषेवर साचलेला कचरा मोजक्या माणसांनी ओहोटीला उचलावा, आणि नाल्याच्या तोंडाशी जाळी लावली असेल तर ती दर आठवड्याला साफ करावी, नाहीतर तीच पाणी अडवते.

हेतू चांगला असला तरी परवानगीशिवाय काम सुरू करू नये. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटीच्या नाशाला मनाई केली आणि २०१८ च्या अंतिम निकालात भोवतालचा ५० मीटरचा पट्टाही संरक्षित ठरवला. किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या नियमांत क्षारयुक्त दलदल सर्वाधिक संरक्षित वर्गात येते. बांधाला तोंड पाडण्याआधी वनविभागाचा कांदळवन कक्ष आणि जवळच्या गावातले कोळी-आगरी बांधव यांच्याशी बोलावे, कारण तो बांध कुणाच्या शेताचे किंवा मिठागराचे खाऱ्या पाण्यापासून रक्षण करत असेल, तर ते नकाशावर दिसत नाही.

पुढे लावलेल्या रोपांचा आकडा मोजत बसू नये. पहिल्या पावसाळ्यानंतर ओहोटीला त्याच जागी जाऊन चिखलात खेकड्यांची बिळे आणि निवट्यांचे (चिखलावर सरपटणाऱ्या लहान माशांचे) माग शोधावेत. ते नसतील, तर पुन्हा मोरीच्या तळाशी जाऊन पाणी किती वेळ कोंडते ते घड्याळ लावून पाहावे.