दोघांनी सेवेला निघताना: गोव्याहून केनियासाठीची तयारी

संस्थेचं पत्र आलं की आधी एकच गोष्ट बघा: दोघांच्याही नावापुढे काम लिहिलंय का? गोव्यातून केनियाला सेवेसाठी निघणारी जोडपी भेटली की मी सुरुवात इथूनच करते. धार्मिक आणि धर्मादाय कामासाठी केनिया ‘क्लास आय’चा परवाना देतं. पुष्कळदा तो नवऱ्याच्या नावावर काढतात आणि बायको डिपेंडंट पासवर जाते. त्या पासवर काम करायची मुभा नाही. म्हणजे इथे वर्षानुवर्षं शाळेत शिकवलेली बाई तिथे दिवसभर घरात बसून राहते, आणि तेही सेवेच्या ओढीने सगळं सोडून गेल्यावर. मला याचं फार वाईट वाटतं. सेवा दोघांची असेल तर परवानेही दोन, हे संस्थेकडून लेखी घ्या. नर्स असाल तर रुग्णाला हात लावण्याआधी तिकडच्या नर्सिंग कौन्सिलची परवानगी लागते. फुकट सेवा करतोय म्हणून ती टळत नाही.

त्याच बैठकीत संस्थेला हेही विचारा की धान्य किंवा औषध देताना समोरच्याचा धर्म बघितला जातो का, त्या बदल्यात प्रार्थनेला बसावं लागतं का. मदतकार्य करणाऱ्या संस्थांसाठी रेड क्रॉस चळवळीने इतरांसोबत १९९४ मध्ये आचारसंहिता केली, तिच्यात याला स्पष्ट मनाई आहे. ती पाळणारी संस्था असेल तरच जा, असं मी आग्रहाने सांगते.

कागदांत पासपोर्ट, पोलिस क्लिअरन्स, शिक्षणाचे दाखले आणि सिव्हिल रजिस्ट्रारकडचा लग्नाचा दाखला. कशाकशाचं साक्षांकन हवंय ते संस्थेकडून आधीच कळवून घ्या.

पिवळ्या तापाची लस मुरगावच्या पोर्ट हेल्थ ऑफिसात मिळते. घेतल्यावर १० दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि जन्मभर चालतं. ते नसेल तर केनियाहून परतताना भारतात ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. साठी ओलांडली असेल तर लस घेण्याआधी डॉक्टरांशी नीट बोला. नैरोबी समुद्रसपाटीपासून सतराशे मीटरच्या वर आहे, जुलैत तिथे स्वेटर लागतो. मलेरियाचा जोर किनाऱ्याला आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, किसुमूच्या बाजूला. तिकडे नेमणूक असेल तर प्रतिबंधक गोळ्या निघण्याआधीच सुरू कराव्या लागतात. आणि आडगावात काम असेल तर विमानाने नैरोबीला हलवण्याची सोय विम्यात आहे का ते वाचून घ्या. अम्रेफ या आफ्रिकेतल्या आरोग्यसंस्थेची फ्लाइंग डॉक्टर्स सेवा १९५७ पासून हेच काम करते.

आता घर. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला लावते. गोव्यात वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर मालमत्ता नवराबायको दोघांची, आणि विकायची तर सह्याही दोघांच्या. म्हणून मुखत्यारपत्रही दोघांनी मिळून करा, आणि त्यात घरपट्टी, वीजबिल, छपराची दुरुस्ती एवढेच अधिकार द्या. विक्रीचा अधिकार सख्ख्या भावालाही देऊ नका. भाऊ वाईट असतो म्हणून नव्हे, तर कागद त्याच्या हातातून कुणाच्या हातात जाईल ते सांगता येत नाही म्हणून. खोटे दस्तऐवज करून परदेशी असलेल्यांच्या जमिनी लाटल्याची प्रकरणं इतकी वाढली की २०२२ मध्ये गोवा सरकारला एसआयटी, म्हणजे विशेष तपास पथक, नेमावं लागलं. निघण्याआधी एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा, सातबारासारखा) ताजा उतारा काढून ठेवा आणि दर सहा महिन्यांनी तो बघायला एका माणसाला सांगून ठेवा. किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवा, मे महिन्यात कौलं चाळून घ्या. मृत्युपत्र करायचं असेल तर जाण्याआधीच करा.

चवथीचं आधी ठरवा. गणपती मूळ घरी असेल तर माटोळी (गणपतीवरची फळापानांची आरास) कोण बांधणार, खर्चाचा वाटा कुणाकडे पाठवायचा, हे मोठ्यांसमोर बसून बोला. म्हाताऱ्या आईवडिलांना परदेशापेक्षा याचीच धास्ती जास्त असते.

पैशाचं थोडक्यात: तिथे दीर्घकाळ राहणार म्हटल्यावर बँकेला कळवून बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करून घ्यायचं. पेन्शन असेल तर हयातीचा दाखला मोबाइलवरून कसा द्यायचा ते इथेच शिकून घ्या. तिकडे भाजीवाल्यापासून सगळीकडे एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे देणं, चालतं, त्यासाठी सिम पासपोर्टवर नोंदवून मिळतं.

स्वाहिली थोडी शिकून जा, निदान वेळ सांगण्यापुरती. तिथे सकाळी सहापासून तास मोजतात, म्हणजे आपले सात वाजले की त्यांचा एक. दवाखान्यात आईला बाळाच्या डोसाची वेळ सांगताना दोन्ही घड्याळांप्रमाणे सांगा आणि चिठ्ठीवर सूर्य काढून द्या.

सामानात प्लास्टिकची पिशवी अजिबात नको. केनियात ऑगस्ट २०१७ पासून त्यांच्यावर बंदी आहे. पोहे, कुळीथ, सोलां (आमसुलं) कापडी पिशव्यांत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यांत भरा. सोलां थोडी जास्तच घ्या. किसुमूला तिलापिया ताजी मिळते, पण गोड्या पाण्याच्या मासळीच्या हुमणाला (कालवणाला) आंबट जरा चढंच लागतं.