रुगर १०/२२ चा नेम सुधारायचाय? आधी गोळ्या बदलून बघा
अमेरिकेत रेंजवर १०/२२ ही पॉइंट २२ बोअरची सेमी-ऑटो रायफल घेऊन बसणारे बरेच जण ग्रुप (निशाण्यावर पडलेल्या गोळ्यांचा पुंजका) फाकला की लगेच नवीन बॅरल शोधायला लागतात, पण पॉइंट २२ मध्ये खरा खेळ गोळ्यांचा, प्रत्येक रायफलची आवड वेगळी. चार-पाच ब्रँडच्या स्टँडर्ड व्हेलॉसिटी (साधारण वेगाच्या) गोळ्या आणा, ५० यार्डांवर रायफल सँडबॅगवर टेकवून प्रत्येकीचे ५-५ चे दोन-तीन ग्रुप मारा, ब्रँड बदलला की सुरुवातीच्या काही गोळ्या हिशेबात धरू नका कारण बॅरलमध्ये आधीच्या गोळ्यांवरचं वॅक्स (मेणाचा थर) असतं. मग मॅगझीन काढून, चेंबर (गोळी बसते तो भाग) रिकामं आहे ना ते बघून, स्टॉकचा आणि स्कोप माउंटचे स्क्रू तपासा, ढिल्या स्कोपपायी भलेभले वैतागतात. ट्रिगर कंपनीचा जडच येतो, तो हळू दाबा आणि गोळी सुटल्यावरही क्षणभर दाबूनच ठेवा, सेमी-ऑटो आहे म्हणून धडाधड मारत सुटू नका.